ब्रिटनमध्ये वीज-गॅसचा दर फिक्स करताना: एक वर्षाचा करार की दोन वर्षांचा?

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो, महावितरणचं बिल येतं आणि आपण ते भरतो. मुंबई उपनगरांचा काही भाग सोडला, तर कंपनी निवडण्याचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडली की लगेच निवड करायची वेळ येते: बारा महिने फिक्स्ड (मुदतभर दर तोच), अठरा महिने फिक्स्ड, चोवीस महिने फिक्स्ड, व्हेरिएबल (कंपनी वेळोवेळी बदलते तो दर), ट्रॅकर (बाजारभावाबरोबर हलणारा दर). मग कुणी काहीच न निवडता वर्षानुवर्षं व्हेरिएबलवर राहतं, तर कुणी ग्रुपवर आलेल्या लिंकवरून दोन वर्षांचा करार करून मोकळं होतं आणि आठव्या महिन्यात घर बदलतं. दोन्हीकडे पैसे विनाकारण जातात, आणि नव्याने आलेल्या कुटुंबाला ते पैसे खरोखर लागत असतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पुढच्या वर्षी दर वाढतील की उतरतील, याचा अंदाज बांधत बसू नका. ज्यांचा तो धंदा आहे त्यांचेही अंदाज चुकतात. आपल्याला कळू शकतील अशा गोष्टी तीन: या घरात आपण किती दिवस राहणार, करार मधेच मोडायला किती पैसे लागतील, आणि बिल अचानक चढलं तर आपल्याला झेपेल का. करार आखूड घ्यायचा की लांब, हे या तिन्हींवरून ठरतं.

इथे लिहिलेलं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे आणि तिथला नियामकही वेगळा.

पहिली पायरी: किल्ली मिळाली त्या दिवशी

दोन्ही मीटरचे फोटो काढा, आकडे आणि मीटरचा क्रमांक स्पष्ट दिसतील असे. आधीच्या भाडेकरूचा वापर तुमच्या नावावर पडू नये, यासाठी हाच पुरावा. मग घराला सध्या कोणती कंपनी पुरवठा करते ते एजंटला विचारा. त्याला माहीत नसेल तर पोस्टकोड टाकून ऑनलाइन शोधता येतं. गॅसची आणि विजेची चौकशी वेगवेगळ्या ठिकाणी करावी लागते. त्या कंपनीला नाव, तारीख आणि रीडिंग कळवा.

तुम्ही काही निवडलं नाही तरी पुरवठा चालूच असतो. तुम्ही राहायला आलात, वीज वापरलीत, की त्या कंपनीशी तुमचा करार झाला असं कायदा मानतो आणि तिचा डीफॉल्ट दर, म्हणजे काहीच न निवडणाऱ्याला लागणारा व्हेरिएबल दर, तुम्हाला लागतो. या दरातून बाहेर पडायला एक्झिट फी, म्हणजे करार मधेच मोडल्याचे पैसे, नसते. तेव्हा पहिल्याच आठवड्यात लांब करार करायची घाई नाही. मीटर, घर, हीटिंग समजून घ्यायला दोन-तीन आठवडे घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात आला असाल तर मात्र फार रेंगाळू नका, कारण वर्षभरातला बराचसा गॅस नोव्हेंबर ते मार्च एवढ्या काळातच जळतो.

इथेच दोन गोष्टी तपासून घ्या. भाड्यात वीज-गॅस धरलेला असेल तर कंपनी घरमालक निवडतो, तुमच्यापुरता विषय संपला. घरमालक वीज विकत घेऊन तुम्हाला वेगळी लावत असेल, तर त्याला स्वतःला पडलेल्या दराहून जास्त आकारता येत नाही. बिल थेट तुमच्या नावावर येत असेल, तर कंपनी निवडण्याचा हक्क तुमचा. दुसरी गोष्ट लंडन-मँचेस्टरच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी: इमारतीला सामाईक हीट नेटवर्क असेल, म्हणजे एकाच ठिकाणी तापवलेलं पाणी पाइपने सगळ्या फ्लॅटना जात असेल, तर गरम पाणी आणि हीटिंग तुम्हाला दुसऱ्या कंपनीकडून घेता येत नाही आणि खाली सांगितलेली प्राइस कॅपही त्याला लागू नाही. तिथे फक्त विजेचा दर तुमच्या हातात असतो.

दुसरी पायरी: फिक्स काय होतं, ते नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फिक्स्ड टॅरिफ म्हणजे बिल फिक्स नव्हे. फिक्स होतात दोन दर: एका युनिटचा दर आणि रोजचा स्टँडिंग चार्ज. युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, वीज आणि गॅस दोन्हींसाठी. स्टँडिंग चार्ज म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलावरचा स्थिर आकार समजा, फक्त इथे तो दिवसाच्या हिशोबाने लागतो आणि घर बंद असलं तरी लागतो. तुम्ही पाच आठवडे पुण्याला जाऊन आलात तरी पाच आठवड्यांचा स्टँडिंग चार्ज बिलावर असतोच.

आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर थंडीत आले आणि दिवसभर हीटिंग चालू राहिलं, तर फिक्स्ड दर असूनही बिल वाढेल. दर तोच राहील, युनिट वाढतील. आपल्याकडच्यासारखे शंभर, तीनशे, पाचशे युनिटचे टप्पे मात्र नेहमीच्या दरांत नाहीत. जास्त वापरलं म्हणून पुढच्या युनिटचा दर चढत नाही. थंडीत घाबरून वडीलधाऱ्यांना गारठ्यात बसवू नका, ही माझी मनापासूनची विनंती.

महिन्याचा डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता, तोही फिक्स नसतो. कंपनी वर्षाच्या अंदाजाला बाराने भागून हप्ता ठरवते. उन्हाळ्यात तुमचे पैसे जमा होतात, हिवाळ्यात ते खर्च होतात. अंदाज चुकला की हप्ता बदलतो. हप्ता वाढल्याचं पत्र आलं म्हणजे कंपनीने करार मोडला असं नव्हे. आधी दर तपासा. ते तेच असतील तर बदल वापरामुळे किंवा चुकीच्या रीडिंगमुळे झालेला आहे.

घरगुती वीज-गॅसवर ५ टक्के व्हॅट लागतो आणि घरगुती ग्राहकाला दाखवलेल्या दरात तो बहुधा धरलेलाच असतो. सरकारने व्हॅट बदलला तर त्याचा फरक फिक्स्ड करारातही येऊ शकतो.

तिसरी पायरी: प्राइस कॅप म्हणजे काय आणि काय नाही

ऑफजेम हा इथला नियामक. १ जानेवारी २०१९ पासून तो डीफॉल्ट दरांवर कमाल मर्यादा घालतो, तीच प्राइस कॅप. सुरुवातीला ती सहा महिन्यांनी बदलायची. २०२२ च्या ऑक्टोबरपासून दर तीन महिन्यांनी बदलते: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर.

बातम्यांत जो वर्षाचा आकडा येतो तो सरासरी घराचा, म्हणजे २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या आणि डायरेक्ट डेबिटने पैसे भरणाऱ्या घराचा. ती तुमच्या बिलाची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर. जानेवारी ते मार्च २०२६ या तिमाहीचा आकडा होता १,७५८ पौंड. त्यातले सरासरी दर असे होते: वीज २७.६९ पेन्स युनिट आणि ५४.७५ पेन्स रोज, गॅस ५.९३ पेन्स युनिट आणि ३५.०९ पेन्स रोज. देशाचे चौदा विभाग आहेत आणि दर विभागाप्रमाणे बदलतात. त्यामुळे स्लाउमधल्या मित्राला मिळालेला दर लीड्समध्ये तुम्हाला मिळेलच असं नाही, कंपनी तीच असली तरी.

फिक्स्ड करारांना ही कॅप लागू नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. कंपनी कॅपहून महाग फिक्स्ड दरही देऊ शकते आणि तुम्ही सही केलीत तर तो वैध असतो. फिक्स्ड म्हटलं की स्वस्त, असं गृहीत धरू नका.

दर किती हलू शकतात, हे आधीच्या काही वर्षांवरून दिसतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅप १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये १,९७१. ऑक्टोबर २०२२ मध्ये ३,५४९ ठरली आणि सरकारला मधे पडून सरासरी घराचं बिल २,५०० च्या आसपास राहील अशी हमी द्यावी लागली. जुलै २०२३ मध्ये २,०७४, जुलै २०२४ मध्ये १,५६८, एप्रिल २०२५ मध्ये १,८४९. सरासरी घराची व्याख्या मधे थोडी बदलली, त्यामुळे आकडे एकमेकांशी काटेकोर जुळत नाहीत, पण हेलकावे खरे आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात दोन वर्षांसाठी फिक्स केलेल्या घरांचे बरेच पैसे वाचू शकले. २०२२ च्या अखेरीस घाबरून चढ्या दराला लांब करार करणाऱ्यांना पुढच्या उन्हाळ्यात तोच करार जड गेला. या दोघांतल्या कुणाला भविष्य दिसत होतं असं नाही.

चौथी पायरी: स्वतःचा वापर काढा

जुनं बिल असेल तर त्यावर वर्षाचा अंदाजे वापर युनिटमध्ये दिलेला असतो. नव्याने आलेल्यांकडे तो नसतो. मग ऑफजेमचे तीन ढोबळ गट वापरा. एक-दोन माणसांचा छोटा फ्लॅट: १,८०० युनिट वीज, ७,५०० युनिट गॅस. दोन-तीन माणसांचं घर: २,७०० आणि ११,५००. चार-पाच माणसांचं मोठं घर: ४,१०० आणि १७,०००. घराचं एनर्जी सर्टिफिकेट पोस्टकोडवरून ऑनलाइन पाहता येतं. त्यावर ई किंवा त्याखालचा दर्जा असेल तर गॅसचा आकडा वर धरा. घरून काम करत असाल तर वीजही.

कुकर, फोडणी, पोळ्या यांना लागणारा गॅस हीटिंगच्या मानाने फारच थोडा. भारतातल्या सिलिंडरच्या हिशोबाने इथल्या गॅसचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

गॅसचा मीटर घनमीटरमध्ये असेल तर एक घनमीटर म्हणजे सुमारे ११ युनिट. जुन्या मीटरवर घनफूट असतात, त्यांचा गुणक वेगळा. मीटरवर काय लिहिलं आहे ते पाहून घ्या, नाहीतर हिशोब जवळपास तिपटीने चुकतो.

पाचवी पायरी: चार आकडे समोरासमोर मांडा

तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर "तुमची बचत अमुक पौंड" असं मोठ्या अक्षरांत दिसतं. ती बचत बऱ्याच गृहीतकांवर उभी असते. उदाहरणार्थ, तुमचा सध्याचा करार चार महिन्यांनी संपत असेल, तर उरलेले आठ महिने तुम्ही महाग व्हेरिएबलवर जाल असं धरून ती मोजलेली असू शकते. म्हणून प्रत्येक कराराचे चार आकडे कागदावर घ्या: विजेचा युनिट दर, विजेचा स्टँडिंग चार्ज, गॅसचा युनिट दर, गॅसचा स्टँडिंग चार्ज. ऑफजेमची मान्यता असलेलं संकेतस्थळ वापरा आणि सगळ्या कंपन्या दाखवण्याचा पर्याय निवडा. सुरुवातीच्या यादीत कधीकधी त्यांना कमिशन देणाऱ्याच कंपन्या असतात.

चारही आकडे एकाच करारात कमी असतील तर हिशोबाची गरजच नाही. पण बहुतेक वेळा युनिट स्वस्त आणि स्टँडिंग चार्ज महाग, अशी मांडणी असते. समजा एका करारात विजेचा युनिट दर १ पेनीने कमी आहे, पण स्टँडिंग चार्ज रोज ५ पेन्सने जास्त. ५ पेन्स गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला १८ पौंड २५ पेन्स. ते भरून निघायला १,८२५ युनिट वापरावे लागतील. दिवसभर ऑफिसात असणाऱ्या दोघांच्या फ्लॅटला हा करार फायद्याचा ठरेलच असं नाही. लेकरं आणि आजी-आजोबा असलेल्या घराला ठरेल.

वेलकम क्रेडिट आणि रेफरलचे पैसे हा एकदाच मिळणारा लाभ आहे. तो शेवटी वजा करा, आधी नाही. मराठी ग्रुपवर लिंक पाठवणारा मदतीच्याच भावनेने पाठवतो, पण त्यालाही क्रेडिट मिळत असतं हे ध्यानात ठेवून आकडे स्वतः तपासा.

सहावी पायरी: आखूड की लांब

कंपनी चोवीस महिन्यांचा दर देते तेव्हा साधारणपणे तेवढ्या काळाची वीज आणि गॅस घाऊक बाजारात आगाऊ भावाने बांधून घेते. काळ लांबला की अनिश्चितता वाढते, म्हणून लांब करारात थोडी जोखमीची भर असते. पण पुढच्या वर्षी भाव उतरतील असं बाजाराला वाटत असेल, तर लांब करार आखूड कराराएवढा किंवा त्याहून स्वस्तही निघतो. लांब म्हणजे नेहमी महाग, असा नियम नाही.

आता हिशोब. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. वापर २,४०० युनिट वीज आणि ९,००० युनिट गॅस. दोन्ही करारांत स्टँडिंग चार्ज सारखा: वीज ५० पेन्स, गॅस ३२ पेन्स. बारा महिन्यांच्या करारात वीज २६ पेन्स, गॅस ६ पेन्स. चोवीस महिन्यांच्या करारात वीज २७ पेन्स, गॅस ६.३ पेन्स.

बारा महिन्यांच्या कराराचा वर्षाचा खर्च: विजेचे युनिट ६२४ पौंड, गॅसचे ५४०, स्टँडिंग चार्ज मिळून २९९ पौंड ३० पेन्स. एकूण १,४६३ पौंड.

चोवीस महिन्यांच्या कराराचा वर्षाचा खर्च: ६४८ अधिक ५६७ अधिक तोच स्टँडिंग चार्ज, एकूण १,५१४ पौंड.

लांब करार वर्षाला ५१ पौंडांनी महाग आहे. मग तो कधी परवडतो? आखूड करार घेतला तर पहिल्या वर्षी ५१ वाचले, दुसऱ्या वर्षी नवा दर घ्यावा लागेल. तो १,५६५ पौंडांच्या वर गेला तरच लांब करार फायद्याचा. म्हणजे आजच्या आखूड करारापेक्षा १०२ पौंड, सुमारे ७ टक्के वाढ. सूत्र सोपं आहे: लांब कराराचा वर्षाचा खर्च दुप्पट करा, त्यातून आखूड कराराचा वर्षाचा खर्च वजा करा. जो आकडा येतो तो तुमच्या दुसऱ्या वर्षाचा उंबरठा.

इथे एक्झिट फी येते, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. समजा फी वीज आणि गॅस प्रत्येकी ५० पौंड आहे, मिळून १००. वर्ष संपलं आणि बाजार कोसळला, तर तुम्ही १०० पौंड भरून लांब करारातून बाहेर पडून नवा स्वस्त करार घेऊ शकता. म्हणजे भाव उतरल्यामुळे लांब करार तुम्हाला जास्तीत जास्त किती महाग पडेल, हे आज सही करतानाच माहीत असतं: पहिल्या वर्षाचे ५१ अधिक फीचे १००, मिळून १५१ पौंड. उलट आखूड करार घेतलात आणि भाव भडकले, तर दुसऱ्या वर्षी किती जास्त मोजावे लागतील याला अशी आधी माहीत असलेली मर्यादा नाही. एका बाजूचा तोटा बांधलेला आहे, दुसऱ्या बाजूचा मोकळा.

म्हणून लांब करार पाहताना दराइतकंच एक्झिट फीकडे पाहा. फी नसलेला किंवा प्रत्येकी २५ पौंडांची फी असलेला चोवीस महिन्यांचा करार, थोडा महाग असला तरी बहुतेक घरांना मी सुचवेन. तोच करार प्रत्येकी १५० पौंड फी घेऊन आला, तर बांधलेला तोटा ३५१ पौंडांवर जातो आणि संरक्षणाची किंमत फार होते. हा हिशोब अर्थात दर वर्षी एकदा बाजार पाहणाऱ्यासाठी आहे. जो करार करून विसरतो, त्याचा तोटा फीपाशी थांबत नाही.

सातवी पायरी: तुमची परिस्थिती

एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आलेल्या विद्यार्थ्याने चोवीस महिन्यांकडे बघूच नये. घर चार-पाच जणांत असेल तर खातं कोणाच्या नावावर आहे, जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून ठेवा.

नोकरीच्या व्हिसावर आलेले, भाड्याने राहणारे, पुढच्या वर्षी मुलाच्या शाळेसाठी घर बदलण्याचा विचार असणारे: बारा महिने, आणि तेही घर बदलताना काय होतं हे विचारूनच. इंग्लंडमध्ये भाडेकराराचे नियमही बदलले आहेत. १ मे २०२६ पासून, आपल्या महाराष्ट्र दिनाची तारीख म्हणून लक्षात ठेवायला सोपी, खासगी भाड्याच्या बहुतेक घरांत ठरावीक मुदतीचा भाडेकरार राहत नाही; भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. त्यामुळे "भाडेकरार वर्षाचा आहे म्हणून विजेचाही वर्षाचा" हे गणित आता आपोआप जुळत नाही. तुम्हाला खरोखर किती राहायचं आहे, ते स्वतःला विचारा.

घर विकत घेतलं आहे, हप्ता मोठा आहे, एकाच पगारावर घर चालतं आणि महिन्याला ५० पौंड वाढले तरी ओढाताण होते, अशा कुटुंबाने लांब कराराकडे झुकावं. त्यांना मनाची स्वस्थता विकत घ्यायची आहे आणि तिची किंमत वर काढता येते. शिल्लक बऱ्यापैकी असेल आणि तिमाहीच्या चढउताराने झोप उडत नसेल, तर आखूड करार किंवा कॅपखालचा व्हेरिएबलही चालेल.

वर्षभरात इलेक्ट्रिक गाडी, हीट पंप किंवा सोलर बसवायचा बेत असेल तर लांब करारात अडकू नका. त्यांच्यासाठी रात्रीच्या स्वस्त विजेचे वेगळे दर असतात. काही कंपन्या स्वतःच्याच दुसऱ्या दरावर जाताना फी घेत नाहीत, हे विचारून घ्या.

ट्रॅकर आणि अर्ध्या तासाला बदलणारे दर पहिल्या हिवाळ्यात घेऊ नयेत असं माझं मत. घराचा वापर कळला की मग विचार करा.

सही करण्याआधी

कंपनीला चॅटवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा: एक्झिट फी दोन्ही मिळून किती? घर बदललं तर ती लागते का, आणि हाच दर नव्या पत्त्यावर नेता येतो का? स्मार्ट मीटर बसवणं सक्तीचं आहे का? भाड्याच्या घरात असाल तर मीटर बदलण्याआधी घरमालकाला कळवा. प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरून मग वापरायचा) असेल तर फिक्स्ड करार फारसे मिळत नाहीत. तो बदलून मिळेल का ते आधी बघा.

नव्याने आलेल्यांना क्रेडिट हिस्टरी नसते. कंपनी अर्जाच्या वेळी क्रेडिट तपासू शकते आणि डिपॉझिट मागू शकते. एका कंपनीने नकार दिला तर दुसरीकडे अर्ज करा, आणि तोवर सध्याच्या कंपनीकडे वेळेवर पैसे भरत राहा.

सही केल्यावर १४ दिवसांत करार विनाशुल्क रद्द करता येतो. कंपनी बदलायला साधारण पाच कामाचे दिवस लागतात. तार, पाइप, मीटर तेच राहतात आणि पुरवठा एक मिनिटही बंद होत नाही.

कंपनीच बुडाली तर? २०२१-२२ मध्ये जवळपास तीस कंपन्या बंद पडल्या. पुरवठा कुणाचाही थांबला नाही, जमा असलेले पैसेही सुरक्षित राहिले, कारण ऑफजेम ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडे सोपवतो. पण जुना फिक्स्ड दर गेला. फिक्स्ड कराराची हमी ती कंपनी उभी असेपर्यंतच असते, हे लांब करार घेताना ध्यानात असू द्या.

करार संपत आल्यावर

शेवटच्या ४९ दिवसांत एक्झिट फी घेता येत नाही, आणि याच सुमारास कंपनीचं पत्र येतं. करार केल्याच दिवशी फोनवर त्या तारखेची आठवण लावून ठेवा. तुम्ही काही केलं नाही तर शेवटच्या दिवसानंतर बहुधा व्हेरिएबल दर सुरू होतो. करार संपण्याचा महिनाही पाहा: ऑक्टोबरात घेतलेला अठरा महिन्यांचा करार एप्रिलमध्ये संपतो, म्हणजे दोन हिवाळे पूर्ण झाकले जातात आणि नवा दर निवडायला अख्खा उन्हाळा मिळतो. वसंतात घेतलेला अठरा महिन्यांचा करार मात्र ऐन थंडीच्या तोंडावर उघडा पाडतो. दर जवळपास सारखे असतील तर मी हिवाळ्यानंतर संपणारा करार निवडेन.

बदलाच्या दिवशी पुन्हा मीटरचा फोटो काढा. जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत शेवटचं बिल द्यायचं असतं आणि तुमचे पैसे जमा असतील तर त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत परत करायचे असतात. वाद झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा; तिथे ग्राहकाला पैसे पडत नाहीत.

कायमचं भारतात परतत असाल तर शेवटचं रीडिंग देताना ईमेल आणि भारतातला पत्ता कळवा, आणि उरलेले पैसे जमा होईपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका.